रामेश्वरची सहा कार्डे

पुणे, दि. १२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

सोलापूरहून आणलेली आजीची पत्र्याची पेटी दिवाळीच्या आवराआवरीत काल उघडली आणि तळाशी, जुन्या पंचांगांखाली, तिची पत्रांची तार सापडली. तार पार गंजली आहे. पण बाबा, प्रवासात असताना तुम्ही आजीला रोज टाकत होता ती पंधरा पैशांची कार्डे तिच्यात तारीखवार ओवलेली आहेत. त्यांतली मे १९८६ मधली रामेश्वरची सहा कार्डे मी रात्री जमिनीवर मांडून वाचली.

पहिले कार्ड मद्रासच्या एग्मोर स्थानकावर लिहिलेले आहे आणि त्यात मीटरगेजचे डबे किती लहान असतात याचेच वर्णन जास्त आहे. तिसऱ्यात पांबनचा पूल येतो. बेटावर जाणारा मोटारींचा पूल १९८८ साली झाला, त्यामुळे आपण गेलो तेव्हा रेल्वेवाचून दुसरी वाट नव्हती. आणि १९१४ सालच्या त्या पुलावरून गाडी माणसाच्या चालीने सरकत असताना डब्यातली सगळी माणसे कशी गप्प झाली होती, हे तुम्ही इतके बारकाईने लिहिले आहे की माझ्या पायांखाली पुन्हा ती थरथर जाणवली. 'दोन्ही बाजूंना' आणि 'दिसतो' यांच्या मधल्या शब्दातून नेमकी तार गेली आहे. तिथे 'समुद्र' असणार.

पाचवे कार्ड मात्र मला वाचून खाली ठेवता येईना. आजोबांनी काशीहून आणलेला गंगेचा गडू आजीने देवघरात कित्येक वर्षे जपला होता आणि गुडघ्यांमुळे तिला स्वतःला येणे जमेना म्हणून तो तुमच्या हाती दिला होता. त्या कार्डावर तुम्ही एवढेच लिहिले आहे : 'आई, तुझी गंगा आज पहाटे रामेश्वराला पोचली.' खाली बावीस तीर्थांवर आम्ही सर्वांनी स्नान केल्याचे लिहिले आहे.

आई, त्याच कार्डावर, पत्त्याच्या डाव्या बाजूला उरलेल्या बोटभर जागेत तुझे अक्षर आहे. इतर कार्डांवर तू तुळशीचे पाणी आणि दूधवाल्याचा हिशेब एवढेच विचारले आहेस, पण येथे लिहिले आहेस : 'धाकट्याचा ताप आज उतरला. मी खोलीवरूनच हात जोडले.' म्हणजे त्या 'सर्वांनी'मध्ये तू नव्हतीसच. बाबांचे बोट धरून मी एकेका विहिरीवर डोक्यावर पाणी घेत हसत होते, आणि तू धर्मशाळेच्या खोलीत त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसली होतीस. एकोणचाळीस वर्षे आपण घरात 'आपला रामेश्वर' म्हणत आलो आणि तू एकदाही आम्हाला थांबवले नाहीस, याचे मला फार वाईट वाटले. बाबा, तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही; आजीला काळजी नको म्हणून तुम्ही ताप लपवला असणार, हे मला समजते.

आई, येत्या जानेवारीत आपण तिघांनी रामेश्वरला जावे, असे माझ्या मनात आहे. जुन्या पुलावरून आता गाड्या जात नाहीत. त्याच्या शेजारचा नवा पूल या एप्रिलमध्ये सुरू झाला आहे. आरक्षण साठ दिवस आधी उघडते, म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीस तुमचा होकार मिळाला तर मी लगेच तिकिटे काढीन. बावीस तीर्थे झेपली नाहीत तरी चालेल. तू गाभाऱ्यासमोर हवा तितका वेळ उभी राहा, बाहेर थांबायला मी आहे.

सोबत माझा पत्ता घातलेली दोन कोरी कार्डे पाठवीत आहे. त्यांतले एक बाबांसाठी आहे. दुसरे पूर्ण तुझे आहे, आई. त्याच्या कडेला लिहू नकोस.

तुमची,
थोरली