विषय: पुस्तिकेतील पान 11 वरील चुकीच्या आकृतीमुळे जळालेला अ‍ॅम्प्लिफायर आणि नाकारलेली वॉरंटी

आपल्या ग्राहक सेवेशी काल सायंकाळी माझे पाचव्यांदा बोलणे झाले. सहाव्यांदा फोन करण्याची माझी इच्छा नाही, म्हणून हे पत्र थेट व्यवस्थापनाला लिहीत आहे.

माझ्याकडे आपल्या एकाच मॉडेलचे दोन मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचे, अ‍ॅम्प्लिफायर आहेत. प्रत्येकाची क्षमता 1 ओहम रोधाच्या स्पीकरवर 800 वॅट आणि 2 ओहमवर 500 वॅट, असे आपणच छापले आहे. माझ्या गाडीच्या डिकीतील 15 इंची सबवूफरला, म्हणजे गंभीर नाद देणाऱ्या स्पीकरला, 4 ओहमच्या दोन व्हॉइस कॉइल (आतील तारेच्या गुंडाळ्या) आहेत. त्या समांतर जोडल्या की 2 ओहम होतात. त्यामुळे एका अ‍ॅम्प्लिफायरकडून मला 500 वॅटच मिळत होते. दोन अ‍ॅम्प्लिफायर मास्टर (मुख्य) आणि स्लेव्ह (त्याच्या मागोमाग चालणारा) म्हणून एकाच सबवूफरवर एकत्र चालवता येतात असे खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे आणि केवळ तेवढ्यासाठी मी दुसरा घेतला. असे जोडल्यावर 2 ओहमचा भार प्रत्येकाला 1 ओहमसारखा दिसतो आणि दोघांचे मिळून 1600 वॅट होतात, हे आपल्या अभियंत्यांना ठाऊक आहेच.

आता पान 11 पाहावे. मजकुरात म्हटले आहे की स्लेव्हचा सिग्नल उलट्या फेजमध्ये बाहेर पडतो. हे बरोबर आहे. मग दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरांचे मायनस एका जाड तारेने एकमेकांना जोडायला हवेत आणि सबवूफर दोन्ही प्लसच्या मध्ये बसायला हवा. त्याखालच्या आकृतीत मात्र प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडून दाखवले आहे. मास्टर ज्या क्षणी वर जातो त्याच क्षणी स्लेव्ह खाली जातो, आणि दोघांच्या मध्ये वीतभर तांब्याच्या तारेशिवाय काहीही नाही. हा सरळ शॉर्ट सर्किट आहे.

मजकूर आणि आकृती जुळत नाहीत हे माझ्या लक्षात आले होते, म्हणूनच जोडणी करण्याआधी मी आपल्याला फोन केला. "आकृतीप्रमाणेच करा, आकृती कंपनीने दिलेली आहे," असे मला सांगण्यात आले. मी तसे केले. बॅटरीपासून फूटभराच्या आत 150 अँपिअरचा फ्यूज, शून्य गेजची तांब्याची केबल, अर्थिंगसाठी रंग खरवडून उघडा केलेला पत्रा, मल्टिमीटरवर 1.8 ओहम दाखवणारा सबवूफर, हे सर्व मी स्वतः तपासले होते. हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डवरचा स्टिरिओ, सुरू केल्यावर आवाज येण्यापूर्वीच स्लेव्हचा लाल दिवा लागला, टर्मिनलजवळून पांढरा धूर निघाला आणि वितळलेल्या तारेचा थेंब पडून डिकीतील गालिच्याला रुपयाएवढे काळे भोक पडले. तेव्हापासून सर्व तारा काढून नुसती बॅटरी जोडली तरी तो लाल दिवा विझत नाही.

कालचे संभाषण मी सविस्तर लिहितो, कारण ते आपल्यापर्यंत पोहोचायलाच हवे. आपल्या प्रतिनिधीने प्रथम मला ब्लूटूथ बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितले. या अ‍ॅम्प्लिफायरला ब्लूटूथ नाही, असे मी म्हटले. मग त्यांनी विचारले, "सर, ओहम किती वर ठेवले होते?" ओहम ही ठेवायची गोष्ट नाही, तो सबवूफरचा रोध आहे, असे मी शांतपणे सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मग ओहम जास्त झाले असतील, कमी करून बघा." मी म्हटले, अहो, कमी केले की करंट वाढतो, उरलेला अ‍ॅम्प्लिफायरही जळेल. त्यांचे उत्तर असे: "कमी केल्यावर कसं जळेल सर? जळतं ते जास्त केल्यावर." मी पान 11 उघडायची विनंती केली, पुस्तिका त्यांच्याकडे नव्हती. वरिष्ठांना फोन द्या म्हटल्यावर थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "काका, या वयात एवढा आवाज कशाला पाहिजे?"

मी 58 वर्षांचा आहे. 30 वर्षे भजनी मंडळात पखवाज वाजवतो. डाव्या तोंडावर कणीक लावून तो जो गंभीर नाद काढावा लागतो, तो गाडीच्या मूळ स्पीकरमधून ऐकूच येत नाही, आणि आवाज वाढवला की फाटतो. हा खुलासा मला आपल्या कंपनीला द्यावा लागावा याचे दुःख अ‍ॅम्प्लिफायर जळाल्याच्या दुःखापेक्षा मोठे आहे. आपलाच चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर माझ्या जुन्या गाडीत 9 वर्षे एकही तक्रार न देता चालला. त्या विश्वासावर हे दोन घेतले होते.

सेवा केंद्राने "ग्राहकाची चुकीची जोडणी" असा शेरा मारून वॉरंटी नाकारली. जोडणी चुकीची होती हे मलाही मान्य आहे. ती आपण छापलेली आहे आणि आपल्याच माणसाने फोनवर करायला सांगितलेली आहे. विचारून केले, तरी दोष माझाच? मी आधी विचारले होते, हे पुन्हा एकदा नोंदवतो.

मला त्याच मॉडेलचा नवा अ‍ॅम्प्लिफायर आणि गालिच्याची भरपाई 15 दिवसांत मिळावी. पान 11 ची दुरुस्त आकृती हे मॉडेल घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला पाठवावी, कारण माझ्याप्रमाणे मजकूर वाचून शंका घेणारे थोडे आणि चित्र पाहून तारा जोडणारेच जास्त असतात. तसे न झाल्यास मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे मला माझ्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि योग्य वापराच्या पुरेशा सूचना न देणे हे त्याच कायद्याच्या कलम 84 मध्ये उत्पादकाच्या दायित्वाचे एक कारण आहे. जळालेला अ‍ॅम्प्लिफायर, ती पुस्तिका आणि पाचही फोनच्या तारखा-वेळा मी जपून ठेवल्या आहेत. उत्तर लेखी द्यावे. फोन करू नये.

आपला ग्राहक,
सांगली