रसायनांची चाचणी वारेच्या पेशींवरही व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'बीपीए-मुक्त' (म्हणजे बिस्फेनॉल-ए हे प्लास्टिकमधील रसायन नसलेली) असे छापलेली पाण्याची बाटली पिशवीतून काढून "मॅडम, ही चालेल ना?" असे विचारणाऱ्या गरोदर मुली माझ्या दवाखान्यात नेहमी येतात, आणि सत्तावीस वर्षे प्रॅक्टिस करूनही मला त्यांना छातीठोकपणे 'हो' म्हणता येत नाही. त्याचे कारण वाचकांपुढे आणि धोरण ठरवणाऱ्यांपुढे मांडावे म्हणून हे पत्र.

बाळंतपणानंतर वार (गर्भाला आईच्या रक्तातून पोषण पोहोचवणारा अवयव, प्लॅसेंटा) पडली की ती ट्रेमध्ये पसरून, एखादा तुकडा आत राहिला नाही ना, हे आम्ही पाहतो. पूर्ण दिवसांची निरोगी वार साधारण अर्धा किलोची, गर्द लाल आणि स्पंजासारखी मऊ असते. पण जिचा रक्तदाब एकतिसाव्या-बत्तिसाव्या आठवड्यातच चढला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली (या आजाराला प्रीएक्लाम्पसिया म्हणतात) आणि बाळ वेळेआधी काढावे लागले, तिची वार पुष्कळदा दिवसांच्या मानानेही लहान भरते आणि तिच्यात बोटाला कडक लागणारे पिवळट-पांढरे चट्टे सापडतात. रक्त न पोहोचल्याने मेलेला तो भाग असतो.

वारेत रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते ते व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ यांसारख्या प्रथिनांच्या इशाऱ्यावर. वारेतूनच सुटणारे एसएफएलटी-1 हे दुसरे प्रथिन हे इशारे रक्तातच पकडून निकामी करते. ते प्रमाणाबाहेर वाढले की काय होते, हे बोस्टनमधील डॉ. अनंत करुमंची यांच्या गटाने 2003 साली दाखवले: उंदरांच्या शरीरात ते वाढवताच त्यांचा रक्तदाब चढला, लघवीत प्रथिने उतरली आणि मूत्रपिंडात प्रीएक्लाम्पसियासारखेच बदल दिसले. सुनिटिनिब हे कर्करोगावरचे कृत्रिम औषध व्हीईजीएफचा इशारा मुद्दाम बंद करते. ते घेणाऱ्या काही रुग्णांनाही, गरोदरपणाचा संबंध नसताना, रक्तदाब चढणे आणि लघवीतून प्रथिने जाणे हीच दोन लक्षणे होतात. म्हणजे बाहेरून आलेला एक लहानसा रेणू हा इशारा तोडू शकतो, याविषयी शंका उरलेली नाही. मग जे रेणू औषध म्हणून नव्हे, तर डब्या-बाटल्यांतून नकळत पोटात जातात, त्यांची तपासणी या अंगाने का होऊ नये?

थॅलिडोमाइडचा इतिहास इथे आठवावाच लागतो. 1957 साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले आणि गरोदरपणातील मळमळीवर सर्रास दिले गेलेले हे औषध 1961 च्या नोव्हेंबरमध्ये मागे घेतले गेले, तोवर जगभर दहा हजारांहून अधिक मुले हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. ते वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचत होते. ते रक्तवाहिन्यांची वाढ रोखते, हे 1994 मध्ये कळले. पेशींतील सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटून ते व्यंगे घडवते, हे जपानी संशोधकांनी 2010 मध्ये दाखवले. त्याहून बोचणारी गोष्ट ही, की उंदरांत ही व्यंगे सहसा होतच नाहीत, सशांत होतात. प्राण्यांवरच्या चाचणीवर विसंबण्याची मर्यादा याहून स्पष्ट काय असेल?

आता पुन्हा त्या बाटलीकडे येते. भारतात बाळाच्या दुधाच्या बाटल्यांतून बीपीए हद्दपार झाले, ते योग्यच झाले; परंतु त्याच्या जागी अनेक वस्तूंत येणारे बीपीएस हे रचनेने त्याचेच भावंड आहे. मिसुरी विद्यापीठाच्या 2020 मधील अभ्यासात या दोन्हींनी उंदरांच्या वारेत जवळजवळ सारखेच बदल घडवले. बोस्टनमधील गरोदर स्त्रियांच्या अभ्यासातही प्लास्टिकमधील थॅलेट्स व बीपीए यांचा पीएलजीएफ आणि एसएफएलटी-1 यांच्या पातळीशी संबंध आढळला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे मी जाणते आणि रुग्णांनाही सांगते. मात्र अमेरिकेत पीएफओए या, टेफ्लॉनसारखे लेप बनवताना वापरल्या गेलेल्या रसायनाने पिण्याचे पाणी दूषित झालेल्या भागातील सुमारे 69 हजार लोकांची माहिती तपासणाऱ्या शास्त्रज्ञांच्या समितीने ज्या सहा आजारांशी त्याचा संभाव्य संबंध असल्याचा निष्कर्ष काढला, त्यांत गरोदरपणातील उच्च रक्तदाब होता, ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही.

चाचणीची साधने हाताशी आहेत. वारेच्या पेशींचे वाण प्रयोगशाळांत कित्येक वर्षे वाढवले जात आहेत, आणि 2018 पासून पहिल्या तिमाहीतल्या वारेची सूक्ष्म प्रतिकृतीही वाढवता येते. शिवाय दर बाळंतपणानंतर आम्ही जी वार पिवळ्या पिशवीत टाकून जैववैद्यकीय कचऱ्यात पाठवतो, तिचे ताजे तुकडे आईच्या लेखी संमतीने चाचणीसाठी वापरता येतील आणि त्यात आई वा बाळ कोणालाही इजा नाही. पूर्ण वाढलेली वार सुरुवातीच्या आठवड्यांविषयी सारे सांगू शकत नाही, म्हणून या पद्धती एकत्र वापराव्या लागतील.

रसायनांच्या नोंदणीचे सर्वंकष नियम आपल्याकडे वर्षानुवर्षे मसुद्याच्या अवस्थेत आहेत. ते अंतिम करताना अन्न-पाण्याच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक रसायनासाठी, आणि विशेषतः बंदी घातलेल्या रसायनाची जागा घेणाऱ्या पर्यायासाठी, मानवी वारेच्या पेशींवरील आणि रक्तवाहिन्यांच्या वाढीवरील परिणामांची चाचणी सक्तीची करावी व तिचे निष्कर्ष सर्वांना पाहता येतील असे खुले ठेवावेत, अशी माझी केंद्र सरकारला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक स्त्रीरोगतज्ज्ञ, सातारा जिल्हा