घर जवळ आलं की जास्त सांभाळ

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "मैत्रिणींना सोडलं की उरलेले सहाशे किलोमीटर मी एकटीच. एका दमात येते." इतकी खुशीत होतीस की तेव्हा काही बोलवलं नाही. रात्री झोप लागेना म्हणून उठून हे लिहायला बसलो. निघण्याआधी वाच.

तुझ्या चालवण्याबद्दल मला जराही शंका नाही. माझ्यापेक्षा तुझा हात चांगला आहे. मला धास्ती आहे ती शेवटच्या तासाची. जाताना तुम्ही चौघी होतात, तुझी जांभई दुसरीला दिसत होती. येताना ती फक्त तुलाच कळणार, आणि घराची ओढ लागली की माणूस नेमका तिच्याकडेच काणाडोळा करतो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू चार वर्षांची होतीस. मी असाच एकटा परतत होतो. पहाटेचे साडेचार, घर जेमतेम वीस किलोमीटरवर. ओळखीचं वळण आलं आणि 'पोचलोच' असं मनात म्हटल्याचं आठवतं. त्यानंतर आठवतो तो एकदम खडीचा आवाज. एका बाजूची दोन्ही चाकं डांबर सोडून खाली उतरली होती, गाडीच्या तळाला खडे ताडताड आपटत होते, स्टिअरिंग हातात थडथडत होतं. कशीबशी गाडी थांबली. समोर हातभर अंतरावर मैलाचा दगड, दिव्यांच्या उजेडात पांढराफेक. इंजिन बंद केलं तरी स्टिअरिंगवरची बोटं सुटेनात. उशीर का झाला म्हणून आईने विचारलं, तर टायर पंक्चर झाला म्हणालो. तिलाही हे पत्र दाखवणार आहे.

किती वेळ डोळा लागला असेल? फार तर चार सेकंद. ताशी ९० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. म्हणजे शंभर मीटर ती गाडी कोणीच चालवत नव्हतं. आणि काच उघडी होती, गाणी मोठ्याने चालू होती! वाऱ्याने आणि गाण्यांनी झोप जात नाही गं, थोडा वेळ गेल्यासारखी वाटते इतकंच.

दारू प्यायलेल्या माणसाच्या गाडीत तू पाऊल ठेवत नाहीस. मग हेही ऐक. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं डोकं आणि हात, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकेच मंदावतात, असं १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं. पहाटे पाचला उठलीस तर रात्री दहाला तू त्या अवस्थेत असशील, एक थेंबही न घेता.

म्हणून रात्रीची निघू नकोस. मध्यरात्रीनंतर सहापर्यंत शरीर झोपच मागतं, दुपारी दोन ते चारही थोडं तसंच. दर दोन तासांनी खाली उतर, चार पावलं चाल. मागचा एखादा किलोमीटर कसा गेला ते आठवेना, किंवा गाडी पट्ट्यावर जायला लागली, की पुढचा विचार करायचा नाही, थांबायचं. रस्त्याच्या कडेला मात्र नाही. जिथे उजेड आहे, माणसं आहेत, तिथे गाडी लाव, दारं आतून लॉक कर. कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटांचा गजर लावून झोप. कॉफी अंगात भिनायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर झोपही झालेली असते. उठल्या उठल्या किल्ली फिरवू नकोस, डोळे नीट उघडू देत. तरीही जड वाटलं तर मुक्काम कर. घर वीस किलोमीटरवर असलं तरी कर.

'कुठे पोचलीस' म्हणून मी वाटेत एकदाही फोन करणार नाही. तू थांबशील तेव्हा तूच कर, कितीही वाजलेले असोत.

आल्यावर सामान गाडीतच राहू दे. सकाळी मी काढतो.

तुझा,
बाबा