सागाच्या बाकाला व्हार्निश नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत मे महिन्यात पावसाळी तयारीवर लेख आला होता. बागेतल्या सागवानी बाकांना दरवर्षी पावसाआधी व्हार्निशचे दोन हात मारावेत, असं त्यात लिहिलं होतं. हे पत्र तेव्हाच लिहिणार होतो, पण मुद्दाम गणपती होईपर्यंत थांबलो. मुलगी ठाण्यात राहते. तिच्या सोसायटीने अगदी तसंच केलं होतं, त्याचं काय होतं ते डोळ्यांनी बघायचं होतं.

मी सुतार. २२ वर्षं मुंबईत बोटींच्या कामावर काढली, मग गुहागरला घरी आलो.

सोसायटीच्या बागेत सागाचे चार बाक आहेत. ऊन-पाऊस खाऊन राखाडी झालेले, पण ठणठणीत. कमिटीला ते 'कळकट' वाटले. ठेकेदाराने गाड्या धुवायचा पाण्याचा फवारा आणून मारला. सागाच्या रेषांमध्ये जो मऊ भाग असतो तो त्या जोराने उकरून निघतो. आता बसायच्या फळीवरून हात फिरवला की पन्हळी पत्र्यावरून फिरवल्यासारखं वाटतं. त्यावर जाड व्हार्निश. नारळी पौर्णिमेला गेलो तेव्हा फुगे आले होते, अनंत चतुर्दशीला पापुद्रे सुटले होते आणि खाली लाकूड काळं पडलं होतं.

यात ठेकेदाराच्या मालाचा दोष असेल-नसेल, पण भारी डबा आणला असता तरी वर्ष-दोन वर्षांत हेच झालं असतं. उघड्यावरचं लाकूड पावसात फुगतं, उन्हात आवळतं. व्हार्निशचा पापुद्रा त्याच्याबरोबर किती हलणार? सांध्यापाशी तो आधी तडकतो. तिथून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. शिवाय साग मुळात तेलकट, त्याला पापुद्रा नीट धरत नाही. तेच तेल त्याला वाळवीपासून आणि कुजण्यापासून राखतं. मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेलं सागवानी 'ट्रिंकोमाली' जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. आपण एका बाकाची काळजी करत बसलोय.

राखाडी रंग म्हणजे कूज नव्हे. ऊन वरचा थर जाळतं, पाऊस तो धुऊन नेतो, उरते ती कागदाएवढी राखाडी साय. रंधा एकदा ओढा, खाली तोच मधाचा रंग आणि तोच वास. माझ्या विहिरीजवळचा बाक मी १९९८ साली जुन्या घराच्या तुळईतून केला. त्याला आजवर कसलाही रंग नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो सगळा त्याने अंगावर घेतलाय. दिवाळीआधी रिठ्याच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने रेषांच्या दिशेने घासतो, शेवाळ निघतं. तारेचा घासणा अजिबात नको. त्याचे कण लाकडात अडकतात, गंजतात आणि काळे ठिपके पडतात. स्क्रूही म्हणूनच पितळी वापरावेत.

मरतात ते पाय. पायाचं तळचं टोक स्ट्रॉसारखं पाणी ओढतं, आणि बाक मातीत किंवा हिरवळीत टेकलेला असला की बारा महिने ओढतच राहतं. पायाखाली शहाबादी फरशीचे तुकडे द्या. चिऱ्याचे नको, चिरा स्वतःच पाणी पितो. ताडपत्रीही बाकाला गुंडाळून बांधू नका. आत घाम धरतो आणि बुरशी येते.

तेलाबद्दल विचाराल, तर ते हौसेचं काम. मधाचा रंग टिकवायचा असेल तर पावसानंतर, लाकूड खडखडीत वाळल्यावर लावावं. एका मे महिन्यात जावईबापूंच्या आग्रहाने मी जवसाचं तेल लावलं. जुलैत बाक चिकट आणि काळा. बुरशीला ते तेल म्हणजे मेजवानी! दुकानात 'टीक ऑइल' म्हणून मिळतं ते सागाचं तेल नसतं. बहुतेक डब्यांत जवसासारखं तेल, थोडं व्हार्निश आणि पातळ करायला टर्पेंटाइनसारखं काहीतरी असतं. आणि जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा, मग फेका.

नवा बाक घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. 'अस्सल सागवान' म्हणून विकतात त्यात कोवळ्या झाडाचा, सालीजवळचा पांढरा भाग पुष्कळदा असतो. नाव सागाचंच, पण त्याला वाळवी लागते. फळ्या उलटून खालून बघा. विकणारा वरून दाखवतो.

ठाण्याचे बाक अजून वाचतील. कोजागिरीनंतर ऊन धरलं की मी खरवडायची पाती घेऊन जाणार आहे. मुलीने कमिटीला तसं कळवलंय. तोवर त्यांनी नवा हात मारू नये एवढंच आपल्या पानातून सांगतो, कारण तिथले सेक्रेटरी आपलंच वर्तमानपत्र वाचतात.

आपला,
एक निवृत्त सुतार, गुहागर