सूज, लिथियम आणि दाढदुखीची गोळी

पुणे, रविवार रात्र

प्रिय शिरीष,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सुमीला बायपोलरचं (मूड कधी बेफाम चढतो, कधी खोल उतरतो, तो आजार) निदान झालं आणि तू लगेच वाचायला बसलास, हे अगदी तुझ्या स्वभावाला धरून झालं. पण शेवटी जे विचारलंस, 'हे सगळं इन्फ्लमेशनच असेल तर सूज उतरवायची गोळी देऊ, लिथियम कशाला?', त्यावर मला झोप लागेना. याच आजारासाठी मी अकरा वर्षं लिथियम घेतोय. हाच प्रश्न मलाही पडला होता, आणि चांगलाच महागात पडला.

आधी तुझं बरोबर कुठे आहे ते सांगतो. आठव, ताप आला की जेवण नको, माणसं नकोत, पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करून पडावंसं वाटतं. ते नुसतं जंतूंचं काम नसतं. आपल्याच प्रतिकारशक्तीचे निरोपे, सायटोकाइन्स, मेंदूला 'गप्प पड' म्हणून सांगत असतात. हेपॅटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉनची (तोही असाच एक निरोप्या) इंजेक्शनं द्यायचे, तेव्हा हसतेखेळते लोक नैराश्यात जायचे. डेन्मार्कमध्ये ३५ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या, तो अभ्यास २०१३ साली आला: गंभीर संसर्गासाठी इस्पितळात राहून आलेल्यांना पुढे मूडचे आजार होण्याचा धोका ६२ टक्क्यांनी जास्त. बायपोलरमध्ये रक्तातला सीआरपी, म्हणजे सुजेची खूण, तोही सरासरीने चढलेला आढळतो, मॅनियाच्या (मूड चढल्याच्या) भरात जास्तच.

सरासरीने, हं. सुमीचा सीआरपी नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं होत नाही. वजन, तंबाखू, किडलेली दाढ, कशानेही तो चढतो. आणि आठवडाभर न झोपलेल्या माणसात आधी काय बिघडलं, डोकं की रक्त, हे कोण सांगणार?

तुझं गणित खरं असतं तर स्टिरॉइडने बायपोलर बरा व्हायला हवा होता. सूज मारण्यात त्याचा हात धरणारं औषध नाही. पण त्याच स्टिरॉइडने धडधाकट माणसाला मॅनिया होऊ शकतो! पाकिस्तानात २६६ रुग्णांना बायपोलरच्या नैराश्यासाठी नेहमीच्या औषधांच्या जोडीला सूज उतरवणारी दोन औषधं, मिनोसायक्लिन आणि सेलेकॉक्सिब, कुणाला एक, कुणाला दोन्ही, कुणाला नुसती खोटी गोळी, अशी देऊन पाहिली. २०२० साली निकाल आला: उपयोग नाही. म्हणजे धागा खरा आहे, पण ओढला की गाठ सुटते असं अजून तरी नाही. कदाचित काही थोड्या रुग्णांतच सूज मुख्य असेल; त्यांना वेगळं कसं काढायचं, त्यावर काम चालू आहे.

आता माझी फजिती. तीन वर्षांपूर्वी दाढ ठणकली. दाताच्या डॉक्टरांनी आयब्युप्रोफेन लिहून दिली. त्यांनी विचारलं नाही, मी लिथियमचं बोललो नाही. उलट मनात म्हटलं, बरंच झालं, डोक्यातलीही सूज उतरेल! पाचव्या दिवशी सकाळी कपबशी हातात खडखडायला लागली. अर्धा चहा बशीत, थोडा लेंग्यावर. आई म्हणाली, "अरे, तुझी जीभ का जड झालीय?" दुपारपर्यंत जुलाब. लिथियमची पातळी निघाली १.६, माझी एरवी ०.७ असते. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकायचं कमी करतं, ते रक्तात साचत जातं. दोन दिवस सलाइनवर काढले.

तेव्हा सुमीच्या गोळ्यांच्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटव: 'लिथियम चालू. न विचारता पेनकिलर नको.' जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मीठ एकदम बंद करू नका. पातळीसाठी रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर. रिपोर्टात पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या दिसल्या तर लगेच घाबरू नकोस, लिथियमने तसं होतं. डॉक्टरांना मात्र दाखव.

काकूंना म्हणावं, दुधात हळद घालायची तर खुशाल घाला, फक्त गोळी चुकवू नका. शनिवारी दुपारच्या गाडीने येतोय. सुमीची फाइल काढून ठेव, आणि तिला आधी विचार, मी पाहिलेली चालेल का.

तुझा,
बंड्या