स्टार कोणी दिले तेवढं तरी लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हॉटेलच्या नावापुढे जे स्टार लावलेले असतात ते नेमकं कोण देतं हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहितीये, आणि त्यापायी पुण्यात येणाऱ्या पाहुण्यांचे जे हाल होतात ते मी रोज बघतो. माझं कोथरूडला छोटं ट्रॅव्हल ऑफिस आहे, दिवसभर रूम बुक करून देणं हेच काम, लग्नाचे पाहुणे, दवाखान्यात आलेल्या पेशंटचे नातेवाईक, परीक्षेला आलेली मुलं, सगळ्यांसाठी. म्हणून थोडं मोठं पत्र लिहितोय, जमलं तर पूर्ण छापा.

तर स्टार देणारी सरकारी कमिटी आहे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची, एचआरएसीसी म्हणतात तिला. हॉटेलवाल्याने स्वतः अर्ज करायचा, फी भरायची, मग कमिटीचे लोक येऊन रूमचं माप, बाथरूम, किचन, स्टाफ, आगीची व्यवस्था, अपंगांसाठी सोय असं सगळं तपासतात आणि मग वन स्टार ते फाईव्ह स्टार आणि त्याच्यावर फाईव्ह स्टार डिलक्स असा दर्जा देतात. तो पाच वर्षांपुरता, नंतर परत तपासणी. निदान दहा खोल्या नसतील तर अर्जच करता येत नाही. आणि मुख्य म्हणजे हे सगळं ऐच्छिक आहे, सक्ती कुणावर नाही. म्हणजे एखादं चांगलं स्वच्छ हॉटेल असेल आणि मालकाने अर्जच केला नसेल तर त्याला एकही स्टार नसतो, त्यात त्याची काही चूक नाही. पण उलटं जे चालतं ते चूक आहे. ॲपवर हॉटेलची माहिती भरताना बऱ्याच ठिकाणी मालक स्वतःच तीन स्टारवर टिक करतो किंवा ॲपवाले त्यांच्या हिशोबाने स्टार देतात, आणि गिऱ्हाईकाला वाटतं सरकारने दिले. त्यात आणि लोकांनी दिलेलं रेटिंग असतं ४.१ वगैरे, ते वेगळंच, तेही लोक स्टार म्हणूनच वाचतात.

मागच्या पावसाळ्यात लातूरहून एक कुटुंब आलं, काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आणि डॉक्टरांना दाखवायला परत यायचं होतं. मुलाने ॲपवर थ्री स्टार बघून परस्पर बुकिंग केलं, पैसेही आधीच भरले. रात्री गाडी दारात लागली तेव्हा कळलं रूम तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टच नाही. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "खाली एकपण रूम शिल्लक नाय साहेब, खुर्चीत बसवून नेतो आम्ही काकूंना, काय टेन्शन घेऊ नका." आणि खरंच दोन पोरं प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली, काकू बिचाऱ्या रडायला लागल्या, मुलाने मला फोन केला तेव्हा मागे ऐकू येत होतं. मी दुसरीकडे ग्राउंड फ्लोअरची रूम करून दिली पण आधीचे पैसे काही परत मिळाले नाहीत. आता यात बघण्यासारखं काय, तर पर्यटन मंत्रालयाच्या नियमात तळमजला अधिक दोन मजले याच्यावर इमारत गेली की चोवीस तास चालणारी लिफ्ट लागतेच, वन स्टारलासुद्धा लागते. म्हणजे ते हॉटेल थ्री स्टार सोडा, वन स्टारच्या यादीतही बसलं नसतं. फोनवर तीन पिवळे तारे बघून त्या मुलाने आईला आणलं होतं, त्याचं काय चुकलं सांगा.

पुण्यात येणाऱ्या बहुतेक माणसांचा आणि या सरकारी स्टारचा खरं तर फारसा संबंधच येत नाही. कोरेगाव पार्क, सेनापती बापट रोडला मोठी हॉटेलं आहेत ती आपल्या जागी ठीक आहेत, तिथे जाणाऱ्याला काय मिळणार ते माहिती असतं. पण ससूनला, रुबीला, दीनानाथला पेशंट घेऊन आलेला माणूस स्टेशनजवळच्या नाहीतर स्वारगेटच्या लॉजवर उतरतो. तिथलं चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. काउंटरवर मोठं रजिस्टर, त्यात नाव, गाव, कुठून आले, कुठे जाणार, येण्याचं कारण अशी रकान्यांची लाईन, मागे भिंतीवर किल्ल्यांचा बोर्ड, आणि कुठेतरी कागद चिकटवलेला की गरम पाणी सकाळी ६ ते ९. यातले कितीतरी लॉज चांगले आहेत हो, चादर धुतलेली, मालक स्वतः बसतो, पेशंट आहे म्हटल्यावर रात्री दोनला दार उघडतात, डबा गरम करून देतात. पण ते कुठल्याच वर्गवारीत नसतात, आणि त्यांच्या शेजारचा जो घाणेरडा लॉज आहे तोही त्याच नावाने चालतो. नवख्या माणसाने ओळखायचं कसं? रिक्षावाला नेईल तिथे.

चेकआउटचीही तीच गत. लॉजमध्ये बहुतेक चोवीस तासांचा हिशोब, म्हणजे संध्याकाळी पाचला आलात तर दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत, आणि हॉटेलात ठरलेली वेळ, बहुधा दुपारी १२ किंवा सकाळी ११. ज्याचं डॉक्टरांकडे काम दुपारी तीनला संपणार त्याच्यासाठी हा फरक म्हणजे पूर्ण एक दिवसाचं भाडं. फोनवर विचारलं तर सांगतात, न विचारता कुणी सांगत नाही.

जेवणाच्या प्लॅनचंही लग्नाच्या बुकिंगला हमखास भांडण होतं. ईपी म्हणजे युरोपियन प्लॅन, फक्त रूम. सीपी म्हणजे रूम आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, आणि एपी म्हणजे तिन्ही वेळचं. वरपक्षाला सांगितलेलं असतं "सीपी आहे" आणि ते धरून चालतात की सगळं आलं त्यात, मग रात्री वीस माणसांच्या जेवणाचं बिल आलं की मुलीच्या बापाच्या तोंडाकडे बघवत नाही. चार अक्षरं मराठीत लिहायला काय हरकत आहे, 'नाश्ता आहे, जेवण नाही', संपला विषय.

होमस्टेबद्दल तर वेगळं पत्र होईल. सरकारच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत सिल्व्हर आणि गोल्ड असे दोन दर्जे आहेत, एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा बेड आणि मालकाने कुटुंबासह तिथेच राहिलं पाहिजे, कारण मुळात कल्पनाच कुणाच्या तरी घरी उतरण्याची आहे. आता मुळशी, पानशेत, लोणावळा बाजूला होमस्टे म्हणून जे बोर्ड लागलेत त्यात कितीतरी ठिकाणी मालक मुंबईला नाहीतर बाणेरला राहतो आणि तिथे एक केअरटेकर. तो आख्खा बंगला भाड्याने देणं झालं, द्या की, पण मग तसं सांगा. रात्री कुणाला बरं नाही वाटलं, लाईट गेली, तर घरात मालक असणं आणि नसणं यात फार फरक पडतो, लहान मुलं बरोबर असलेल्यांना विचारा. हेरिटेजचंही तसंच. तो दर्जा १९५० च्या आधी बांधलेल्या वाड्याला, राजवाड्याला, गढीला, शिकारीसाठी बांधलेल्या बंगल्याला मिळतो. नवीन सिमेंटवर लाकडी पट्ट्या ठोकून दारात तुळशीवृंदावन बांधलं म्हणून हेरिटेज होत नाही. जुन्नर बाजूला मात्र शेतकरी कुटुंबं कृषी पर्यटन खरंच मनापासून करतात, पाहुण्याला शेतात नेतात, पिठलं-भाकरी घरच्या चुलीवरची, तिथे पाठवलेलं गिऱ्हाईक परत येऊन मलाच थँक्यू म्हणतं.

बाकी खराडी-हिंजवडीची बिझनेस हॉटेलं सोमवार ते गुरुवार महाग आणि शनिवार-रविवार बऱ्यापैकी स्वस्त असतात, हे लग्नवाल्यांनी लक्षात ठेवावं. आठ-पंधरा दिवस उपचार चालणार असतील तर सर्व्हिस अपार्टमेंट परवडतं, आपलं आपण भात-वरण करता येतं. रेल्वेची रिटायरिंग रूम, म्हणजे स्टेशनवरचीच मुक्कामाची खोली, कन्फर्म तिकीट असेल तर मिळते, ते कुणाच्या लक्षातच येत नाही. आणि जाहिरातीत 'सेव्हन स्टार' दिसलं तर सरळ सोडून द्या, दुबईच्या बुर्ज अल अरबलासुद्धा लोक सेव्हन स्टार म्हणतात पण असा दर्जा अधिकृतपणे कुठे नाहीच. जगाची मिळून एक स्टार पद्धतच नाही, युरोपातल्या काही देशांनी २००९ साली हॉटेलस्टार्स युनियन म्हणून एकत्र येऊन आपले निकष सारखे केले तेवढंच.

आणखी एक, पुण्याच्या माणसाला पुण्यात रूम मिळत नाही. 'लोकल आयडी चालणार नाही' असा बोर्डच असतो. घरात वाळवीचं औषध मारलंय, सोसायटीचं पाणी बंद आहे, सासरे दवाखान्यात आहेत आणि घर तिकडे आंबेगावला, अशा माणसाने काय करायचं? तसा कायदा काही नाहीये, तो हॉटेलवाल्यांनी स्वतः केलेला नियम आहे. परदेशी पासपोर्टवाला पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाईन भरावी लागते, सी फॉर्म म्हणतात, ती कटकट नको म्हणून छोटे लॉज अमेरिकेहून आलेल्या सख्ख्या पुतण्यालाही परत पाठवतात. हेही निदान बुकिंगच्या आधी कळायला हवं की नको.

टॅक्स लावताना सरकार स्टार बघत नाही हे चांगलं आहे. रूमचं दिवसाचं भाडं ७,५०० पर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता, आणि ७,५०० च्या वर १८ टक्के. बिलात तपासून बघा, माझ्या एका गिऱ्हाईकाला नंतरही कित्येक दिवस १२ टक्क्यानेच बिल दिलं होतं.

माझी मागणी मोठी नाहीये. प्रत्येक लॉज, हॉटेल, होमस्टेने काउंटरवर आणि ॲपवर एक पान मराठीत लावावं. स्टार असतील तर कोणी दिले आणि कधीपर्यंत, नसतील तर 'वर्गवारी नाही' असं स्वच्छ लिहावं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लिफ्ट कितव्या मजल्यापर्यंत, गरम पाणी किती ते किती, चेकआउट चोवीस तासांचं की ठरलेल्या वेळेचं, नाश्ता आहे का, लोकल आयडी चालतो का, मालक तिथे राहतो का. लॉजला लायसन लागतंच, ते देताना आणि रिन्यू करताना हे पान बघितलं तर वेगळी यंत्रणाही उभी करावी लागणार नाही. दवाखान्यांच्या आसपासच्या लॉजपासून सुरुवात करा, तिथे गरज सगळ्यात जास्त आहे. ज्यांची फसवणूक झालीये त्यांनी जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवून १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करावी, फोन लागतो, मी गिऱ्हाईकांना लावून दिलाय.

आणि संपादक साहेब, एक विनंती तुम्हालाही आहे. सुट्ट्यांच्या सीझनला हॉटेल-रिसॉर्टच्या जाहिराती तुमच्याकडे येतात. ज्या जाहिरातीत स्टार लिहिलेत तिच्याबरोबर पर्यटन मंत्रालयाच्या सर्टिफिकेटची कॉपी मागून घ्या आणि कॉपी नसेल तर ते स्टार छापू नका.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे