हेगहून घरी पत्र

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मी खुशाल आहे. व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा उतरलेला दिसला तो केवळ दिव्यामुळे. जेवण वेळेवर होते आणि रविवारी मी एकटी कुढत बसत नाही, माउरित्सहाउस संग्रहालयात जाते. तिथे रेम्ब्रांट या डच चित्रकाराने 1669 मध्ये, म्हणजे मृत्यूच्याच वर्षी, 63 व्या वर्षी रंगवलेले आत्मचित्र आहे. पत्नी सास्किया 1642 मध्येच गेलेली, 1656 मध्ये दिवाळे निघून पुढे घरही विकले गेलेले, मुलगा तीतुस आदल्याच वर्षी वारलेला. तरीही ओघळलेले गाल आणि जाड नाक त्याने जसेच्या तसे रंगवले आहे. चित्रे, एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून कागदावर घेतलेले ठसे) आणि रेखाटने धरून त्याने स्वतःला सुमारे 80 वेळा चितारले. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधल्या बाविशीच्या चित्रात चेहरा बराचसा सावलीत आहे आणि कुरळे केस ओल्या रंगात ब्रशच्या मागच्या टोकाने खरवडलेले आहेत. तेव्हा त्याला उजेडाचा अभ्यास करायचा होता. शेवटच्या चित्रांत लोक त्याच्या दुःखाची कहाणी वाचतात, मला मात्र त्यांत गाऱ्हाणे दिसत नाही, कामात गढलेला माणूस दिसतो.

इथली एक रीत समजावून सांगायलाच हवी. घरांना रस्त्याच्या बाजूने मोठ्या खिडक्या असतात आणि दिवेलागणीनंतरही अनेक जण पडदे ओढत नाहीत. जेवणारे कुटुंब, अभ्यासाला बसलेली मुले, सारे रस्त्यावरून दिसते, पण थांबून आत पाहणे असभ्य मानतात. लपवण्यासारखे काही नाही हे दाखवायची ही पद्धत, असे कोणी म्हणते. हिवाळ्यात उजेड पुरत नाही म्हणून, असे कोणी. शेजारच्या आजींना विचारले, तर त्यांना माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले. माझ्या खोलीला पडदा आहे आणि तो मी रोज लावते, तेव्हा बाबांनी काळजी करू नये.

घराच्या हप्त्यासोबत या वेळी थोडे जास्त पैसे पाठवले आहेत. त्यातून बाबांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन उरकून घ्यावे, माझ्या येण्यासाठी थांबू नये, कारण मार्चपूर्वी रजा मिळणार नाही. मावशीने सुचवलेल्या नाशिकच्या स्थळासाठी फोटो पाठवत आहे; स्टुडिओत देऊन तो उजळ करून घेऊ नये, ही विनंती. चष्मा, डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि माझे 31 वर्षांचे वय त्या मंडळींना आधीच दिसलेले बरे. ऑपरेशनच्या दिवशी दादा रजा काढणार आहे. त्या दिवशी तिथे मी असायला हवे होते, हे मनातून जात नाही. डोळ्यांत थेंब घालायच्या वेळा मला कळवा, मी इथून रोज फोन करून आठवण करीन.

तुमची लेक